छायाचित्राखाली मोबाइलचे मॉडेल नको, उजेडाची दिशा छापा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेली सहा छायाचित्रे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांपैकी रस्त्याकडेला विक्रीसाठी मांडलेल्या माठांचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. प्रत्येक माठाचा डावा गाल उजळलेला आहे, उजवी बाजू हळूहळू काळोखात जाते आणि गळ्याशी उजेडाची एक बारीक रेघ उमटली आहे. त्यामुळे कागदावर छापलेले हे माठ हातात उचलून घ्यावेत इतके गोल वाटतात. कौतुकाने खालची ओळ वाचायला गेलो, तर तिथे छायाचित्रकाराचे नाव, गाव आणि त्याखाली मोबाइलचे मॉडेल व त्याचे मेगापिक्सेल दिलेले आढळले. उरलेल्या पाचही छायाचित्रांखाली तोच प्रकार आहे. याच प्रथेविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

वाईत मी एकतीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. पासपोर्ट फोटो, लग्ने, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो हाच व्यवसाय होता. आता दुकान बंद आहे, पण ओळखीची माणसे अजूनही मोबाइल घेऊन दारात येतात आणि बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे चांगले फोटो काढायचे असतील तर कोणता फोन घ्यावा. त्यांनी काढलेले फोटो मी पाहतो, तेव्हा ते फसण्याची कारणे पुन्हा पुन्हा तीच निघतात आणि त्यांपैकी क्वचितच एखादे कारण फोनच्या किमतीशी जोडलेले असते. पुरवणीत छायाचित्राखाली दर आठवड्याला मॉडेलचे नाव छापून येते, तेव्हा वाचकाचा असा समज होतो की माठ गोल दिसले ते त्या फोनमुळे. ते गोल दिसले ते डावीकडून तिरप्या आलेल्या उन्हामुळे, हे त्याला कोणी सांगत नाही.

या समजाची किंमत कशी मोजावी लागते, त्याचे एक ताजे उदाहरण देतो. आमच्या आळीतील एक भगिनी बचत गटामार्फत उडदाचे पापड, कुरडया आणि सांडगे करून विकतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना त्या मोबाइलवरूनच मालाचे फोटो पाठवतात. हे फोटो त्या दिवसभराची कामे उरकल्यावर रात्री, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ट्यूबलाइटखाली आणि फ्लॅश लावून काढत असत. फ्लॅशचा पांढरा डाग प्लॅस्टिकच्या पिशवीवर उमटे आणि पापड पुठ्ठ्याच्या चकत्यांसारखे सपाट दिसत. यात मिरी घातली आहे की नाही, असे दोन-तीन गिऱ्हाइकांनी विचारल्यावर नवा फोन हप्त्यावर घ्यायचे त्यांच्या मनात आले. त्या दुकानात चौकशीही करून आल्या होत्या.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला परसदारी बोलावले, म्हणजे त्यांच्याच घराच्या. दार उत्तरेचे असल्यामुळे त्या वेळी तिथे थेट ऊन नव्हते, मात्र आभाळाचा भरपूर मऊ उजेड आत येत होता. पहिली गोष्ट केली ती फोनची काच पुसण्याची. स्वयंपाकघरात वापरल्या जाणाऱ्या फोनच्या लेन्सवर बोटांचा आणि फोडणीच्या वाफेचा तेलकट थर असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण प्रत्येक उजळ वस्तूभोवती धुकट वलय आणतो. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने तो पुसला आणि निम्मे धुके तिथेच गेले. मग आतली ट्यूब बंद केली. दारापासून हातभर आत स्टूल ठेवले, त्यावर कपडे वाळत घालायचा एक चिमटा आडवा ठेवून त्यात पापडाची कड पकडली, म्हणजे पापड उभा राहिला. दार पापडाच्या मागे थोडे उजव्या हाताला येईल आणि दाराशेजारची काळोखी भिंत पाठीशी राहील, असे त्यांना समोर बसवले. नव्या शर्टाच्या घडीतून निघतो तो पांढरा पुठ्ठा पापडाच्या पुढच्या बाजूला, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, तिरपा धरला. मागून येणारा उजेड पातळ पापडातून आरपार आला आणि मिरीचा दाणा न् दाणा आत अडकलेला दिसू लागला. पुढची बाजू काळी पडली असती, ती पुठ्ठ्यावरून परतलेल्या उजेडाने सावरली. फोन तोच होता, चार वर्षांपूर्वीचा, एका कोपऱ्यात तडा गेलेला. त्यांची विक्री वाढली की नाही ते मला ठाऊक नाही. एवढे खरे की त्यानंतर मिरीबद्दल कोणी विचारले नाही.

कुरडईला मात्र हीच जागा चालली नाही. कुरडईतून उजेड आरपार जात नाही, तिची गंमत तिच्या शेवांच्या वेटोळ्यांत आहे आणि ती वेटोळी दिसायची तर प्रत्येक शेवेची बारीक सावली शेजारच्या शेवेवर पडली पाहिजे. त्यासाठी स्टूल वळवून दार अगदी बाजूला घेतले, म्हणजे उजेड वस्तूच्या अंगावरून सरपटत गेला. खरबरीत, विणलेले, कोरलेले जे जे काही आहे, मग ती घोंगडी असो, परडी असो की जात्याची टाकी लावलेली तळी, तिला बाजूचा उजेड लागतो. पातळ आणि पारदर्शक असेल तिला मागचा उजेड लागतो, आणि म्हणून लोणच्याच्या काचेच्या बरणीतले तेल मागून उजेड मिळाल्याशिवाय सोनेरी दिसत नाही. कपाळावरून सरळ समोर पडणारा फ्लॅश सावल्या वस्तूच्या मागे लपवतो आणि सावली गेली की खोलीही जाते.

ट्यूब बंद का करायची, हे सांगितले पाहिजे, कारण ही चूक सुशिक्षित घरांतही सर्रास होते. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात. दिवसाच्या उजेडाचा रंग साधारण ५५०० केल्विन धरतात, जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० ते ३००० च्या आसपास. आपला मेंदू दोन्हींना पांढरे मानून मोकळा होतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकालाच पांढरे मानता येते. खिडकीचा उजेड आणि बल्ब दोन्ही चालू असतील, तर भाताची मूद एका अंगाने निळसर आणि दुसऱ्या अंगाने पिवळी येते आणि मग ती कोणत्याही फिल्टरने नीट होत नाही. एकच दिवा असेल तर रंग सुधारता येतो. बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात त्यासाठी सूर्य, ढग आणि बल्ब यांची चित्रे असलेली सोय असते, जरी ती कधी कधी ‘प्रो’ नावाच्या कप्प्यात लपवलेली असते.

आता उजेडाच्या मोजमापाकडे येतो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी चौकटभर घेऊन फोटो काढा, ती राखाडी येईल. काळाभोर बिडाचा तवा चौकटभर घ्या, तोही राखाडीच येईल. कॅमेरा बिघडलेला नसतो. समोर भाकरी आहे की तवा, हे त्याच्या उजेडमापकाला कळत नाही, आणि समोर जे काही असेल ते मध्यम करडे असावे अशा बेताने तो उजेड आत घेतो. हल्लीचे फोन चेहरा किंवा जेवणाचे ताट ओळखण्याचा प्रयत्न करतात, तरी मूळ खोड पुरती गेलेली नाही. उपाय सोपा आहे. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरले की मोजमाप तिथेच कुलूपबंद होते आणि शेजारी बहुधा सूर्याचे छोटे चिन्ह येते. पांढऱ्या वस्तूसाठी ते वर सरकवायचे, काळ्या वस्तूसाठी खाली. नवख्या माणसाची समजूत याच्या नेमकी उलट असते, कारण पांढरी वस्तू आधीच उजळ आहे तर तिला कमी उजेड पुरेल, असे त्याला वाटते. स्टुडिओत हाताखालच्या मुलांना मी हे शिकवायचो तेव्हा एका खुर्चीवर पांढरा टॉवेल आणि दुसरीवर काळी छत्री ठेवून रोलच्या चार फ्रेम मुद्दाम वाया घालवायचो. आज फ्रेम वाया जाण्याचा खर्चच नाही, तेव्हा हा प्रयोग प्रत्येकाने एकदा घरी करून पाहावा.

अंतराचीही अशीच गोष्ट आहे. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते. तांब्या चौकटीत मोठा दिसावा म्हणून माणूस फोन त्याच्या तोंडाशी नेतो आणि मग तांब्याचे तोंड परातीएवढे व बूड वाटीएवढे येते. माणसाचे नाक मोठे येते तेही याच कारणाने. तीन-चार फूट मागे सरून ‘२एक्स’ झूम वापरावे, म्हणजे आकार प्रमाणात राहतो. फोन कोणत्या उंचीवर धरायचा हे वस्तूला विचारावे. ताट वाढलेले असेल तर बरोबर वरून, पण तांब्या, समई, उखळ यांचा फोटो त्यांच्या पोटाच्या उंचीवरून घ्यावा. जमिनीवरच्या वस्तूंसाठी फोन उलटा धरला की लेन्स खाली येते, आणि रांगोळीच्या कडेची पणती किंवा उंबऱ्यावर बसलेले मांजर एकदम त्याच्या स्वतःच्या जगातून दिसते. ही युक्ती मला माझ्या नातीने शिकवली, मी तिला नव्हे.

पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांविषयी मला नेहमी विचारतात, कारण चिंचेने लख्ख घासलेले भांडे फोटोत ठिपक्याठिपक्यांचे येते. पितळेचा तांब्या म्हणजे पोट पुढे काढलेला आरसा असतो आणि त्यात अख्खी खोली दिसते. ट्यूब, खिडकीचे गज, फोटो काढणारा आणि त्याचा लाल शर्ट असे सगळे त्यात असते. चकाकी घालवायच्या मागे लागू नये, कारण ती गेली तर पितळ मातीसारखे दिसेल. तांब्यात काय दिसावे, हे मात्र आपण ठरवू शकतो. खिडकीवर पांढरे धोतर ताणून बांधा, आपण साधे, फिक्या रंगाचे कपडे घाला. मग तांब्याच्या गालावर खिडकीचा एकच रुंद, पांढरा, कडांना विरत जाणारा पट्टा उमटतो आणि तोच त्याची गोलाई सांगतो. एकदा एका घराण्याच्या देवघरातील उपकरणींचे फोटो काढताना मला हे धोतर बांधायचे सुचले नव्हते. छापून आलेल्या प्रत्येक भांड्यात माझी काळी छत्री आणि तिच्याखाली मी, असे चौदा वेळा दिसलो. यजमानांनी सौजन्याने काही म्हटले नाही, पण पुन्हा बोलावलेही नाही.

घरातल्या वस्तूंनी उजेड वळवण्याची ही कला काही आजची नाही. अमेरिकेतील छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये साध्या ढोबळ्या मिरचीची छायाचित्रे काढली आणि त्यांतले एक जगभर गाजले. त्यांचा कॅमेरा मोठा, तिपाईवरचा होता आणि एका छायाचित्राला कित्येक मिनिटे लागत, हे खरे. पण मिरची माणसाच्या पाठीसारखी वळलेली, आतून उजळलेली दिसते, ती मुख्यतः त्यांनी ती पत्र्याच्या आडव्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवल्यामुळे. पत्र्याच्या आतल्या भिंतींवरून परतलेला उजेड तिच्यावर चहूबाजूंनी आला. आपल्या घरी ॲल्युमिनियमचा जुना, घासून मंद झालेला टोप आडवा ठेवून त्यात मिरची, वांगे किंवा कैरी ठेवून पाहावी. स्टीलचे चकचकीत पातेले घेऊ नये, त्यात उजेडाच्या तुटक रेघा उमटतात.

त्याच्याही आधी, १८४४ साली, छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक, इंग्लंडचे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपल्या आवारातील एका उघड्या दाराशी टेकवून ठेवलेल्या झाडूचे छायाचित्र काढले. दार, झाडू आणि आतला काळोख, यापलीकडे त्यात फारसे काही नाही. पण झाडूच्या दांड्याची तिरपी रेघ आणि दारावर पडलेल्या सावलीची तिरपी रेघ एकमेकींना साथ देतात. ऊन पुरते डोक्यावर असते तर ही सावली अशी पडलीच नसती. खराटा आणि दार आपल्या प्रत्येकाच्या परसात आहेत. टॅलबट यांच्या कॅमेऱ्याचे मॉडेल वाचकाला कळून काही उपयोग नाही, ऊन तिरपे होते हे कळून आहे.

घराबाहेरच्या दृश्यांना तर वेळेचे भान आणखीच हवे. आमच्या कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या दुपारी बाराला नुसता काळ्या दगडाचा उतार दिसतात आणि सकाळी आठला प्रत्येक पायरीची कड वेगळी मोजता येते. आपल्या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच नाहीशी होते. त्या मधल्या दिवसांत तो माध्यान्ही थोडा उत्तरेकडेही असतो, त्यामुळे एरवी भरवशाच्या असलेल्या उत्तरेच्या खिडकीतही त्या दिवसांत ऊन डोकावते, हे घरी पापड-कुरडयांचे फोटो काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पाऊस टिपायचा असेल तर त्याच्या धारा पांढऱ्या आभाळासमोर कधीच दिसणार नाहीत. त्यांना काळोखी पार्श्वभूमी हवी, म्हणजे चिंचेचे दाट झाड किंवा पडवीचा अंधार, आणि उजेड शक्यतो मागून यायला हवा. शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/६० सेकंदाच्या आसपास ठेवले तर थेंबांच्या रेघा होतात, १/१००० ला त्याच धारांचे सुटे मणी होतात.

हललेल्या फोटोंविषयी फार लिहीत नाही. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, शक्य तर दाराच्या चौकटीला खांदा लावावा, आणि ओट्यावर वाटीला टेकवून ठेवलेला फोन दोन सेकंदांच्या टायमरने स्वतःच फोटो काढतो, तेव्हा तो माझ्या जुन्या तिपाईइतकाच स्थिर असतो.

कॅमेऱ्याने काहीच फरक पडत नाही, असा माझा दावा नाही. रात्रीच्या पालखीत, दूरच्या पक्ष्यांत, पळणाऱ्या मुलांत चांगल्या कॅमेऱ्याचा उपयोग होतो आणि तिथे पैसे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. जुन्याचे गोडवे गाण्याचाही माझा विचार नाही. आमच्या घरात पहिला कॅमेरा आला तो ॲगफा क्लिक थ्री. त्याला सूर्य आणि ढग अशा दोन खुणा होत्या आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो येत, त्यातले पाच-सहा हमखास वाया जात. फोन त्याच्यापेक्षा सर्व बाबतींत सरस आहे. फरक एवढाच की त्या दोन खुणांमुळे प्रत्येक फोटोआधी मान वर करून आभाळ पाहावे लागे. ती मान वर करण्याची सवय आपली पुरवणी वाचकांना लावू शकेल, असे मला वाटते.

माझी विनंती अशी की, प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक छायाचित्राखाली मॉडेलच्या जागी तेवढ्याच लांबीची एक ओळ द्यावी. ‘सकाळी ८, ऊन डावीकडून, सहा फुटांवरून’ किंवा ‘दुपारी ३, उत्तरेची खिडकी, उजवीकडे पांढरा पुठ्ठा’ एवढी माहिती पुरे आहे. छायाचित्र पाठवण्याच्या अर्जात फोनच्या नावाचा रकाना आहे, त्याच जागी वेळ, उजेडाची दिशा आणि अंतर हे तीन शब्द विचारता येतील. पाठवणाऱ्यांपैकी काहींना सुरुवातीला दिशा सांगता येणार नाही, कारण त्यांनी ती पाहिलेली नसेल. पण पुढचे छायाचित्र काढताना अर्जातला रकाना त्यांना आठवेल. वाचकालाही ही ओळ त्याच रविवारी आपल्या अंगणात पडताळून पाहता येईल, मग त्याच्या हातात कोणताही फोन असो.

आणि एक वैयक्तिक मागणी. त्या माठांच्या छायाचित्रातले ऊन डावीकडचे आहे हे दिसते, पण रस्ता कोणत्या दिशेला जातो ते कळत नसल्यामुळे ती सकाळ आहे की संध्याकाळ, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. घरात यावरून दोन तट पडले आहेत. छायाचित्रकाराला विचारून पुढच्या अंकात तेवढे छापावे.

आपला,
एक निवृत्त स्टुडिओचालक,
वाई, जि. सातारा